जन्मतारीख एक दिवस मागे जाते: तारीख-वेळ मजकुरात नेमकी कशी लिहायची?

कोरा_कागद

नमस्कार मंडळी. एका बगच्या मागे तीन दिवस आहे. कारण सापडलंय, पण योग्य उपाय कोणता हे ठरत नाहीये.

नोंदणीचा एक फॉर्म आहे, त्यात जन्मतारीख निवडायची. वापरणारा १५ जून १९९० निवडतो. कॅलेंडरचं विजेट मला जावास्क्रिप्टचा डेट ऑब्जेक्ट देतं. तो मी जेसनमध्ये (माहिती मजकुरात पाठवण्याचा साचा) टाकून सर्व्हरला पाठवतो, आणि सर्व्हर त्या स्ट्रिंगची (मजकुराच्या तुकड्याची) पहिली दहा अक्षरं घेऊन डेटाबेसमध्ये ठेवतो. डेटाबेसमध्ये दिसतं १४ जून १९९०.

तपासलं तर ब्राउझरमधून जाणारी स्ट्रिंग अशी होती:

१९९०-०६-१४टी१८:३०:००.०००झेड

(अंक आणि टी, झेड ही अक्षरं इथे देवनागरीत लिहितोय, कोडमध्ये अर्थातच इंग्रजी आहेत.)

पाठवण्याआधी साडेपाच तास मिळवले तर तारीख बरोबर येते. पण हे ठिगळ वाटतं. परदेशातून वापरणारेही आहेत, त्यांचं काय होणार? अशा वेळी प्रमाण पद्धत कोणती? आयएसओ ८६०१ (तारीख-वेळ लिहिण्याचं आंतरराष्ट्रीय प्रमाण) म्हणजेच टू-आयएसओ-स्ट्रिंग (डेट ऑब्जेक्टचा मजकूर करणारी जावास्क्रिप्टची मेथड) असं मी आजवर धरून चाललो होतो.

सुतारपक्षी

साडेपाच तास मिळवू नका. आत्ताच काढून टाका ते.

घडतंय ते असं. विजेट तुम्हाला १५ जूनच्या मध्यरात्रीचा क्षण देतं, वापरणाऱ्याच्या स्थानिक घड्याळाप्रमाणे. टू-आयएसओ-स्ट्रिंग तो क्षण नेहमी यूटीसीत (जगभरच्या समान आधारवेळेत) लिहितं, शेवटचा झेड त्याचाच. यूटीसीत त्या वेळी आदल्या दिवसाचे संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असतात. स्ट्रिंग शंभर टक्के बरोबर आहे. चूक झाली ती तिची पहिली दहा अक्षरं कापण्यात, कारण ती यूटीसीची तारीख आहे, माणसाने निवडलेली नव्हे.

जेसनमध्ये तारखेसाठी वेगळा प्रकारच नाही. तिथे डेट ऑब्जेक्ट टाकलात की त्याची टू-जेसन मेथड आपोआप चालते आणि ती आतून टू-आयएसओ-स्ट्रिंगलाच बोलावते. म्हणून तुम्ही स्वतः कुठे रूपांतर केलेलं नसतानाही ते झालं.

मूळ प्रश्न फॉरमॅटचा नाहीच. जन्मतारीख हा क्षण नाही. ती कॅलेंडरवरची एक चौकट आहे. तिला तास नाहीत, टाइमझोन नाही. तिला डेट ऑब्जेक्टमध्ये कोंबलंत की तिच्यावर एक वेळ आणि एक टाइमझोन लादला जातो, आणि तोच पुढे कुठेतरी नडतो. एचटीएमएलचं साधं तारखेचं इनपुट वापरलंत तर त्याची व्हॅल्यू थेट १९९०-०६-१५ अशी स्ट्रिंग येते. ती तशीच पाठवा, तशीच साठवा. मधे डेट ऑब्जेक्ट आणूच नका.

रात्रपाळी

सुतारपक्षींशी सहमत. कोरा_कागद, दाखवतानाही हाच घोटाळा उलट्या दिशेने होईल, तेही बघून घ्या.

सर्व्हरकडून १९९०-०६-१५ ही स्ट्रिंग आली आणि तिच्यापासून तुम्ही डेट ऑब्जेक्ट बनवलात, तर जावास्क्रिप्ट ती यूटीसीची मध्यरात्र मानतं. न्यूयॉर्कमध्ये बसलेल्याला ती १४ जूनची रात्री आठची वेळ दिसणार. पूर्वेकडच्या लोकांची तारीख पाठवताना मागे जाते, पश्चिमेकडच्यांची दाखवताना. दोन्ही टोकांना डेट वापरला की दोन चुका कधी एकमेकींना झाकतात, कधी नाही. म्हणूनच असा बग आपल्या मशीनवर दिसत नाही.

तिरपी_रेघ

इथेच माझी शंका आहे. नुसती तारीख दिली की यूटीसी, पण तिच्यापुढे टी००:०० लावलं की स्थानिक वेळ. हे मी स्वतः करून पाहिलंय. एकच भाषा दोन वेगळे अर्थ का लावते?

रात्रपाळी

इतिहासामुळे. इएस५ मध्ये (जावास्क्रिप्टच्या प्रमाणाची पाचवी आवृत्ती), म्हणजे २००९ साली, हा फॉरमॅट पहिल्यांदा प्रमाणात आला तेव्हा ऑफसेट (यूटीसीपासूनचा फरक, जसा +०५:३०) नसेल तर यूटीसी धरा असा नियम होता. आयएसओ ८६०१ मात्र ऑफसेट नसलेली वेळ स्थानिक मानतं. पुढे ही विसंगती दुरुस्त करताना तारीख-वेळ असलेल्या स्ट्रिंगचा अर्थ स्थानिक केला गेला, पण नुसत्या तारखेला यूटीसीवरच ठेवलं, कारण तोवर असंख्य पानं त्या वागण्यावर उभी होती. आता तो नियम कायमचा आहे.

तिरक्या रेघांची २०२४/०३/१० अशी स्ट्रिंग तर प्रमाणात नाहीच. ब्राउझर ती आपापल्या समजुतीने वाचतात, बहुतेक वेळा स्थानिक म्हणून. टी-ऐवजी मधे रिकामी जागा सोडलेली स्ट्रिंगही तशीच. क्रोममध्ये ती चालायची आणि जुन्या सफारीत ‘इनव्हॅलिड डेट’ यायचं. माझ्या एका प्रकल्पात या एका रिकाम्या जागेपायी आयफोनवाल्यांना आठवडाभर कोरं पान दिसत होतं.

जुनी_वही

धागा चांगला चाललाय. ‘प्रमाण’ या शब्दाबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण आयएसओ ८६०१ म्हणजे एक फॉरमॅट ही समजूत बऱ्याच ठिकाणी त्रास देते.

आयएसओ ८६०१ हे १९८८ साली आलं. त्याआधी तारखा, आठवडे, वेळ यांच्यासाठी वेगवेगळी प्रमाणं होती, ती त्यात एकत्र झाली. २०१९ मध्ये त्याचे दोन भाग झाले. हे प्रमाण फार ऐसपैस आहे. २०२४-०३-१० हा दिवस त्यात २०२४-०७० असाही लिहिता येतो, म्हणजे वर्षातला सत्तरावा दिवस. तोच २०२४-डब्ल्यू१०-७ असाही, म्हणजे दहाव्या आठवड्याचा सातवा दिवस. मधल्या रेघा गाळून २०२४०३१० चालतं. सेकंदांच्या अपूर्णांकासाठी टिंबाऐवजी स्वल्पविरामही चालतो. ‘आमची एपीआय (दुसऱ्या प्रोग्रॅमांसाठीचं दार) आयएसओ ८६०१ घेते’ असं कुणी लिहिलं तर यातलं नेमकं काय घेते? बहुतेकदा लिहिणाऱ्यालाही एकच रूप अभिप्रेत असतं.

ते एक रूप ज्यात नीट बांधून दिलंय ते आरएफसी ३३३९, जुलै २००२ चं (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे क्रमांकित दस्तऐवज). इंटरनेटवरच्या नोंदींसाठी आयएसओचा एक छोटा तुकडा त्यात कापून घेतलाय: चार आकडी वर्ष, रेघा हव्यातच, सेकंद हवेतच, आणि पूर्ण तारीख-वेळेला झेड किंवा ऑफसेट हवाच. शिवाय ते कुणालाही फुकट वाचता येतं, आयएसओचं प्रमाण विकत घ्यावं लागतं. एपीआयच्या दस्तऐवजात मी नेहमी ‘आरएफसी ३३३९’ असंच लिहितो आणि शेजारी एक नमुना देतो. त्या नमुन्याने वाचलेले वाद मी पाहिलेत.

दोघांत बारीक फरकही आहेत. आरएफसीत टी-ऐवजी रिकामी जागा चालवून घेतलीय. आणि त्यात -००:०० या ऑफसेटला वेगळा अर्थ आहे: यूटीसीची वेळ माहीत आहे, पण ती कुठल्या स्थानिक घड्याळातून आली ते माहीत नाही. आयएसओत हा ऑफसेट निषिद्ध आहे.

वेबवरच्या सगळ्याच तारखा या घराण्यातल्या नाहीत, हेही लक्षात असू द्या. एचटीटीपीच्या हेडरमधली तारीख ईमेलच्या वंशातली आहे: आधी वाराचं इंग्रजी नाव, मग दिवस, महिन्याचं नाव, वर्ष, वेळ आणि शेवटी जीएमटी. १९८२ च्या आरएफसी ८२२ मध्ये वर्ष दोनच आकडी होतं, १९८९ मध्ये ते चार आकडी झालं. तिथे आरएफसी ३३३९ टाकून चालत नाही.

अर्धविराम

पीएचपीवाल्यांसाठी: डेट_आयएसओ८६०१ नावाचा कॉन्स्टंट वापरू नका. तो ऑफसेट +०५३० असा, विसर्गचिन्हाशिवाय लिहितो, तारखेत मात्र रेघा ठेवतो. असं मिश्रण प्रमाणात बसत नाही. जुना कोड मोडू नये म्हणून तो तसाच ठेवलाय. डेट_अ‍ॅटम वापरा, किंवा फॉरमॅटमध्ये नुसता ‘सी’.

पायवाट

पायथनमध्ये फ्रॉम-आयएसओ-फॉरमॅट (अशी स्ट्रिंग वाचणारी मेथड) ३.७ पासून आहे, पण शेवटचा झेड त्याला ३.११ येईपर्यंत कळत नव्हता. जावास्क्रिप्टकडून आलेली अगदी शुद्ध स्ट्रिंगही एरर द्यायची.

सुतारपक्षी

जावात मोठ्या वायने वर्ष लिहिणाऱ्यांनी एकदा कोड शोधून पाहावा. चार मोठे वाय म्हणजे आठवड्याचं वर्ष, चार छोटे म्हणजे कॅलेंडरचं. ३१ डिसेंबर २०२४ हा दिवस आयएसओच्या हिशोबाने २०२५ च्या पहिल्या आठवड्यात येतो, त्यामुळे मोठा वाय त्या दिवशी ३१ डिसेंबर २०२५ छापू शकतो. वर्षाचे तीनशे साठ दिवस सगळं सुरळीत असतं, म्हणून टेस्टमध्ये सापडत नाही. तुमच्या टेस्टमध्ये डिसेंबरचे शेवटचे तीन आणि जानेवारीचे पहिले तीन दिवस असायलाच हवेत.

शब्दवेल्हाळ

मला एक वेगळी गोष्ट सांगायची आहे, खास मराठीत वेबसाइट करणाऱ्यांसाठी. यावर फारसं बोललं जात नाही.

टू-लोकेल-डेट-स्ट्रिंगला एमआर-आयएन हे लोकेल (भाषा आणि देशाचा संकेत, इथे मराठी-भारत) दिलं की तारीख देवनागरी अंकांत येते: १०/३/२०२४. आपल्या वाचकाला दाखवायला अगदी योग्य. मी मात्र पूर्वी एका कामात हीच स्ट्रिंग एका लपलेल्या फील्डमधून सर्व्हरला पाठवली. इंग्रजी आवृत्ती महिनोन्महिने चालत होती, मराठी सुरू झाली आणि नोंदी पडायला लागल्या. जावास्क्रिप्टच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमधलं (मजकुरात नमुना शोधायची पद्धत) अंकांचं चिन्ह फक्त आस्की, म्हणजे इंग्रजी, अंक ओळखतं, पार्स-इंटला देवनागरी दहा दिले तर ‘नॅन’ (म्हणजे ‘संख्या नाही’) मिळतं. आमचा दुसरा सर्व्हर पायथनमध्ये होता. पायथन ३ चं इंट (मजकुराची संख्या करणारं फंक्शन) देवनागरी अंक बिनतक्रार वाचतं! म्हणजे तीच नोंद एका सर्व्हरवर पडायची, दुसऱ्यावर चालायची. शोधायला फार वेळ गेला.

पडद्यावर इंग्रजी अंकच हवे असतील तर लोकेलच्या पुढे यू-एनयू-लॅटन हा विस्तार जोडता येतो. पण माझं म्हणणं तेवढ्यापुरतं नाही. दाखवण्यासाठी बनवलेली स्ट्रिंग परत वाचायला कधीच घेऊ नये. लोकेलची रूपं बदलत राहतात, आणि ती बदलायलाच हवीत, कारण ती माणसांच्या लिहिण्याच्या सवयींवरून ठरतात. २०२३ च्या सुरुवातीला क्रोम ११० मध्ये इंग्रजी वेळ आणि एएम-पीएम यांच्यामधली साधी रिकामी जागा बदलून अरुंद, न तुटणारी जागा आली. डोळ्याला फरक दिसत नव्हता, पण ती स्ट्रिंग पार्स करणारा कोड कितीतरी ठिकाणी कोसळला, आणि शेवटी क्रोमला ते मागे घ्यावं लागलं. स्वीडनचं लोकेल दिलं की वर-वर आयएसओसारखी तारीख येते, म्हणून ती युक्ती वापरणारेही दिसतात. कृपा करून वापरू नका. उद्या स्वीडिश लोकांची सवय बदलली तर तुमचा डेटाबेस का बिघडावा?

तिरपी_रेघ

शब्दवेल्हाळ, हे फार कामाचं. आमच्या कोडमध्ये स्वीडनची युक्ती आहे, उद्याच काढतो.

थोडक्यात, सगळं यूटीसीत साठवायचं आणि दाखवताना स्थानिक करायचं, बरोबर?

जुनी_वही

घडून गेलेल्या घटनांसाठी हो. लॉग, पैसे जमा झाल्याची वेळ, संदेश पाठवल्याची वेळ: डोळे मिटून यूटीसी. पुढे घडायच्या गोष्टींसाठी नाही.

उदाहरण देतो. समजा तुम्ही २०२२ च्या उन्हाळ्यात मेक्सिको सिटीतली एक बैठक ठरवलीत, जुलै २०२३ मधली, सकाळी दहाची. तेव्हाच्या नियमाप्रमाणे तिथे उन्हाळ्यात ऑफसेट -०५:०० असायचा, म्हणून तुम्ही १५:०० यूटीसी साठवलंत. ऑक्टोबर २०२२ मध्ये मेक्सिकोने बहुतेक देशात उन्हाळी वेळ रद्द केली. आता ऑफसेट वर्षभर -०६:००. तुमचं ॲप तीच नोंद सकाळी नऊ दाखवणार. लोकांनी ठरवलं होतं ‘दहा’, यूटीसी हा आपण काढलेला निष्कर्ष होता, आणि साठवला आपण निष्कर्ष.

अशा ठिकाणी स्थानिक वेळ आणि टाइमझोनचं नाव दोन्ही ठेवा: अमेरिका/मेक्सिको_सिटी. नुसता ऑफसेट पुरत नाही, कारण ऑफसेट म्हणजे त्या एका क्षणापुरता फरक आणि झोन म्हणजे त्या जागेचा नियम, बदलांसकट. हे नियम आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी १९८० च्या दशकात सुरू केलेल्या टाइमझोन डेटाबेसमध्ये असतात. २०११ पासून तो आयाना ही इंटरनेटचे क्रमांक आणि नावं सांभाळणारी संस्था प्रकाशित करते. त्यात सामोआने ३० डिसेंबर २०११ हा अख्खा दिवस वगळल्याचीही नोंद आहे. सर्व्हरवरचा हा डेटाबेस अद्ययावत ठेवणं हे सुरक्षेच्या अपडेटइतकंच गरजेचं आहे, असं माझं ठाम मत आहे.

मजकुरात झोनचं नाव कसं लिहायचं, यालाही आता प्रमाण आहे. एप्रिल २०२४ मध्ये आरएफसी ९५५७ आलं. नेहमीच्या स्ट्रिंगपुढे चौकोनी कंसात झोन: २०२६-१०-१४टी१८:००:००+०५:३०[आशिया/कोलकाता].

पायवाट

झोनच्या नावांबद्दल पुस्ती: काही ब्राउझर अजून आशिया/कॅलकटा हे जुनं नाव परत देतात. दोन्ही एकाच झोनची नावं आहेत. नावांची तुलना स्ट्रिंग म्हणून करू नका.

रात्रपाळी

आणि पोस्टग्रेस या डेटाबेसचा टाइमस्टॅम्प-टीझेड हा कॉलमचा प्रकार झोन साठवत नाही, नावात असला तरी. आत जातो तो यूटीसी क्षण, मूळ ऑफसेट विसरला जातो. जुनी_वही म्हणतात तसं करायचं तर झोनच्या नावाला वेगळा कॉलम लागतो.

अर्धविराम

माझ्याकडून दोन सापळे.

एक, यूआरएलच्या क्वेरीत +०५:३० तसंच टाकलं तर अधिकचं चिन्ह समोर रिकामी जागा म्हणून पोचतं. ते %२बी असं लिहावं लागतं. माझ्या आधीच्या नोकरीत एका अहवालाचा फिल्टर फक्त अधिक ऑफसेटच्या देशांत बिघडत होता, उणे असलेल्या देशांत व्यवस्थित. यूआरएलमध्ये झेड वापरलं की प्रश्नच येत नाही.

दुसरा क्रम लावण्याचा. ‘आयएसओ स्ट्रिंग अक्षरक्रमाने लावली की कालक्रम मिळतो’ हे सगळ्या स्ट्रिंग एकाच ऑफसेटच्या आणि एकाच लांबीच्या असतील तेव्हाच खरं. गो भाषेतला आरएफसी३३३९नॅनो अपूर्णांकाची शेवटची शून्यं गाळतो. आस्कीत टिंब झेडच्या आधी येतं, त्यामुळे ०५.५झेड ही वेळ ०५झेडच्या आधी लागते, अर्धा सेकंद उशिराची असूनही. गोच्या दस्तऐवजात तसा इशारा दिलेला आहे.

कोरा_कागद

सगळ्यांचे मनापासून आभार. आज बदल केले. जन्मतारीख आता दहा अक्षरांची स्ट्रिंग म्हणून निघते आणि डेटाबेसच्या डेट कॉलममध्ये तशीच बसते. नोंदणीची वेळ वेगळी, यूटीसीत, झेडसह. विजेट काढून साधं इनपुट लावलं.

उरलाय जुना डेटा. सर्व्हरने मूळ विनंत्या पूर्ण स्ट्रिंगसह लॉगमध्ये ठेवल्यात, त्यामुळे बऱ्याच नोंदी परत मिळतील असं वाटतं. पण वापरणारे वेगवेगळ्या देशांतले, आणि त्यांचा झोन आम्ही घेतलाच नव्हता. प्रत्येक स्ट्रिंगमध्ये साडेपाच तास मिळवणं चुकीचं, हे आता कळलंय. मग काय मिळवू?

सुतारपक्षी

बारा तास.

प्रत्येक स्ट्रिंग ही कुणाच्या तरी स्थानिक मध्यरात्रीची आहे, हे तुम्हाला नक्की माहीत आहे. म्हणजे प्रश्न ‘जवळची मध्यरात्र कोणती’ एवढाच उरतो. १८:३० असेल तर पुढची, ०४:०० असेल तर मागची. यूटीसी क्षणात बारा तास मिळवून यूटीसीचीच तारीख घ्या, दोन्ही बरोबर येतात. झोन माहीत असण्याची गरज नाही.

साडेपाच तासांचं तुमचं ठिगळ भारतातल्या नोंदींनाही पुरलं नसतं. सप्टेंबर १९४२ ते ऑक्टोबर १९४५ या काळात भारतात घड्याळं एक तास पुढे होती, +०६:३०, आणि आजचे ब्राउझर तो इतिहास पाळतात. १० मे १९४३ ला जन्मलेल्या माणसाची स्ट्रिंग ९ मेच्या १७:३० ची असणार. तीत साडेपाच तास मिळवले तर रात्रीचे अकरा वाजतात, तारीख नऊच राहते. बारा मिळवले तर दहा येते.

जुनी_वही

सुंदर. एकच अपवाद जोडतो: बारा तासांहून मोठे ऑफसेट. न्यूझीलंडमध्ये उन्हाळ्यात +१३:०० असतो, टोंगा +१३:०० वर आहे. तिथली मध्यरात्र यूटीसीत आदल्या दिवशीचे ११:०० दिसते, आणि बारा मिळवूनही आदलाच दिवस राहतो. त्याच ११:०० ला -११:०० च्या अमेरिकन सामोआतलीही मध्यरात्र असते, म्हणून नुसत्या स्ट्रिंगवरून निर्णय होणार नाही. १०:०० ते १२:०० मधल्या स्ट्रिंग वेगळ्या काढा.

कोरा_कागद

चालवून पाहिलं. लॉगमध्ये सापडलेल्यांपैकी चारच नोंदी १०:०० ते १२:०० मध्ये आल्या, चारही ११:०० च्या. बाकीच्या दुरुस्त केल्या. या चौघांना, आणि ज्यांच्या मूळ विनंत्या लॉगमधून गेल्या आहेत त्या सगळ्यांना, जन्मतारीख पुन्हा तपासण्याची विनंती पाठवली आहे. उत्तर येईपर्यंत त्यांची तारीख पडद्यावर ‘खात्री बाकी’ अशी दाखवतोय.